आखूड नेक आणि ब्रिजचे अंतर




फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला कोणतीही आखूड नेक चार स्क्रूंनी जोडून सॅडल सरकवले की काम भागते, असे जे प्रतिपादन गेल्या अंकातील पत्रलेखकांनी केले आहे, त्यास माझी स्पष्ट हरकत आहे. सॅडलला असलेली मुभा तारेच्या जाडीमुळे होणारा किंचित स्वरभेद दुरुस्त करण्यापुरतीच असते; परंतु २५.५ इंच तारलांबीच्या वाद्यावर २४ इंच तारलांबीची नेक आणली, तर बारावा पडदा नटपासून १२ इंचांवर येतो, आणि तेथून ब्रिजही तितक्याच अंतरावर नसेल, तर मोकळ्या तारा बिनचूक लावूनही पडद्यांवरचे स्वर बेसूरच निघणार. याच कारणास्तव खास तयार होणाऱ्या २४.७५ इंची नेकची टाच मूळ खाचेच्या मापाची ठेवून पडदे ब्रिजच्या हिशेबाने आखतात. नट पाऊण इंच अलीकडे येतो आणि ब्रिज जागचा हलत नाही. लहान बोटांच्या विद्यार्थ्यांविषयी पत्रलेखकांना वाटणारी कळकळ मलाही वाटते, आणि ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने या नेकवर तो सुमारे ६ टक्के उतरतो, ही त्यांच्या सोयीचीच बाब आहे; ज्यांना तारा सैल भासतील, त्यांनी किंचित जाड तारांचा संच चढवावा.

आपला,
एक वादक वाचक