बुद्धिबळाचा अभ्यास शेवटापासून

२०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात बार्देशातील हडफडे येथे बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा झाली. २०६ खेळाडूंनी तीत भाग घेतला आणि उझबेकिस्तानच्या अवघ्या १९ वर्षांच्या जावोखिर सिंदारोव्ह याने ती जिंकली. त्याच वर्षीच्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक पटकावला होता. गोमंतकापुरते बोलायचे तर अनुराग म्हामल, लिऑन मेंडोंसा आणि भक्ती कुलकर्णी यांनी या भूमीचे नाव पटावर केव्हाच उमटवले आहे. अशा वातावरणात घरोघरच्या मुलांना या खेळाची ओढ लागावी, हे स्वाभाविक आहे आणि आम्ही त्याचे मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र ही ओढ कोणत्या वाटेने वळवली जात आहे, याचा विचार पालकांनी आणि शिक्षकांनी वेळीच करावयास हवा.

हल्ली शिकवणीला जाणारा मुलगा काही महिन्यांतच डावाच्या आरंभीच्या दहा-बारा खेळी घडाघडा म्हणून दाखवतो. त्या खेळींना असलेली परदेशी नावेही त्याला पाठ असतात. परंतु प्रतिपक्षाने चौथ्याच खेळीला पुस्तकाबाहेरचे काही केले की त्याचे अवसान गळते. कारण उघड आहे. खेळी पाठ केल्या, पण त्या का करावयाच्या हे कोणी सांगितले नाही. मग स्पर्धेमागून स्पर्धा होतात, प्रवेशशुल्क आणि प्रवासखर्च वाढत जातो, गुणांकन मात्र जागचे हलत नाही, आणि घरी ‘एवढा खर्च करूनही हरलास कसा?’ असा प्रश्न त्या कोवळ्या जिवाला विचारला जातो. दोन-तीन वर्षांत ते मूल पटाकडे पाठ फिरवते. हे नुकसान पैशाच्या नुकसानीहून मोठे आहे.

वास्तविक या खेळाची मूलतत्त्वे मोजकी आहेत आणि दहा वर्षांच्या मुलाला समजतील इतकी सोपी आहेत. मध्यभागाचेच उदाहरण घ्या. पटाच्या मधल्या घरावर उभा असलेला घोडा आठ घरांवर जरब ठेवतो. तोच कोपऱ्यात गेला तर केवळ दोन घरे त्याच्या वाट्याला येतात. मोकळ्या पटावर मध्यावरचा उंट तेरा घरे पाहतो, कोपऱ्यातला सातच. हत्ती मात्र मोकळ्या पटावर कोठेही ठेवला तरी चौदा घरे पाहतो. म्हणून त्याला मध्याची गरज नसते, मोकळ्या उभ्या पट्टीची असते. एवढा हिशेब ज्या मुलाने स्वतः बोटाने घरे मोजून केला, त्याला ‘मध्यावर ताबा मिळव’ आणि ‘हत्तीसाठी पट्टी मोकळी कर’ हे पाठ करावे लागत नाही.

दुसरे तत्त्व म्हणजे सर्व मोहरी लवकर कामाला लावणे आणि राजाला वेळेवर किल्लेकोटात नेणे. १८५८ साली पॅरिसच्या एका नाट्यगृहात अमेरिकेच्या पॉल मॉर्फीने एकत्र खेळणाऱ्या दोन उमरावांवर सतराव्या खेळीत मात केली, तो डाव आजही शिक्षक दाखवतात. त्यात मॉर्फीने वजिराचाही बळी दिला म्हणून लोक माना डोलावतात. खरे मर्म निराळे आहे. मात झाली तेव्हा त्या उमरावांचा राजाकडचा उंट आणि हत्ती आपल्या मूळ घरांतून हललेसुद्धा नव्हते, आणि त्यांचा राजा मध्येच उघडा पडला होता. मॉर्फीचे मोहरे न् मोहरे मात्र राबत होते. नाटकात निम्मी पात्रे रंगपटातच बसून राहिली तर प्रयोगाचे काय होईल, हे नाट्यवेड्या गोमंतकीयांना निराळे सांगावयास नको.

तिसरे तत्त्व प्याद्यांचे. इतर मोहरी मागे फिरू शकतात, प्यादे फिरू शकत नाही. आमच्या खाजन शेतीचा बांध एका ठिकाणी फुटला तरी खारे पाणी सबंध शेतात शिरते. प्याद्यांच्या रांगेचेही तसेच आहे. अविचाराने पुढे ढकललेले एक प्यादे मागे जी घरे कायमची उघडी टाकते, तेथेच प्रतिपक्षाचा घोडा येऊन ठाण मांडतो. फिलिडोर या फ्रेंच खेळाडूने १७४९ साली आपल्या ग्रंथात प्याद्यांचे महत्त्व ठासून सांगितले. तेव्हापासून खेळ पुष्कळ बदलला, हे तत्त्व बदललेले नाही.

मग, पटावर काहीच घडत नाही, हल्ला करण्याजोगे काही दिसत नाही, अशा वेळी काय करावे? नवखा खेळाडू येथेच चुकतो. उगाच एखादा शह देतो किंवा दिसेल ती मारामारी करतो. पहिला अधिकृत जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ याने याचे उत्तर दिले आहे: लहान लहान फायदे साठवीत जावे, आणि पुरेसा साठा झाल्यावाचून हल्ल्याला हात घालू नये. व्यवहारात याचे तीन प्रश्न होतात. प्रतिपक्षाला काय करावयाचे आहे? माझे कोणते मोहरे निकामी बसले आहे? ही मारामारी झाल्यावर जे उरेल ते कोणाच्या सोयीचे? प्रत्येक खेळीपूर्वी हे तीन प्रश्न मनाशी विचारण्याची सवय लागली, तर मुलाच्या खेळात अल्पावधीत फरक दिसेल, असे आम्हांस खात्रीने वाटते.

यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण त्याचे उत्तर डावाच्या अंताच्या अभ्यासात दडलेले असते. क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका याने १९२१ साली मूलतत्त्वांवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने प्रारंभीच साध्या माता आणि थोड्या मोहऱ्यांचे डाव घेतले. दोन राजे एका घराच्या अंतराने समोरासमोर उभे असता ज्याची खेळी असेल त्याला वाट द्यावी लागते. एका प्याद्याचा वजीर होणार की डाव बरोबरीत सुटणार, हे पुष्कळदा एवढ्यावरच ठरते. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला कोणती मारामारी करावी आणि कोणती टाळावी, हे कळणे शक्य नाही.

याचा दाखला सर्वोच्च पातळीवर मिळाला, तो १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे. जगज्जेतेपदाच्या लढतीत तेरा डावांनंतर डिंग लिरेन आणि आपला डी. गुकेश यांचे गुण समसमान, साडेसहा-साडेसहा, होते. चौदाव्या डावात प्रत्येकी एक हत्ती व एक उंट उरला होता. गुकेशकडे एक प्यादे अधिक असले तरी डाव बरोबरीकडे झुकलेला होता. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्तींची मारामारी पुढे केली. त्याचा उंट कोपऱ्यात असल्यामुळे गुकेशला लगोलग उंटांचीही मारामारी घडवून आणता आली, आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या डावात अधिकचे एक प्यादे निर्णायक ठरले. तीन खेळींत जगज्जेतेपद हातून गेले आणि अठराव्या वर्षी गुकेश जगज्जेता झाला. जो प्रश्न शाळकरी मुलाने विचारावयाचा, तोच प्रश्न त्या घटकेला जगज्जेत्याकडून विचारावयाचा राहिला!

यावर कोणी म्हणेल की, संगणकाच्या या युगात आरंभीच्या खेळींची तयारी नसेल तर टिकाव लागणार नाही. ग्रँडमास्टरांच्या बाबतीत हे खरे आहे. परंतु आमच्या तालुक्यांतील स्पर्धांत मुलांचे डाव विसाव्या खेळीनंतर फुकट दिलेल्या मोहऱ्यांनी आणि वाया घालवलेल्या शेवटांनी हरले जातात, पाठांतराच्या उणिवेने नव्हे. संगणकालाही आमचा विरोध नाही. त्याचा उपयोग कोणत्या क्रमाने करावयाचा, एवढाच वाद आहे. तीनदा जगज्जेतेपद मिळवणारा मिखाइल बोट्विनिक स्वतःच्या डावांची निर्दय चिकित्सा करी आणि ती प्रसिद्ध करी, म्हणजे इतरांना तीतील दोष दाखवता यावेत. मुलाने हरलेला डाव आधी स्वतः मांडावा, कोठे बिघडले ते वहीत आपल्या शब्दांत लिहावे, आणि त्यानंतरच यंत्राला विचारावे. आधीच उत्तर पाहणाऱ्याला गणित येत नाही, तसेच हे आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शिकवणीचा निम्मा वेळ शिक्षकांनी डावाच्या अंताला आणि वरील तत्त्वांना द्यावा. शाळांनी आणि गावोगावच्या क्रीडामंडळांनी स्पर्धेइतकेच महत्त्व स्पर्धेनंतर एकत्र बसून डाव तपासण्याला द्यावे. त्याला एक पट, एक वही आणि एखादा जाणता खेळाडू एवढेच पुरे आहे. वाचनालयांनी या विषयावरील मराठी पुस्तके मुलांच्या हाती लागतील अशी ठेवावीत. आणि पालकांनी, स्पर्धेहून परतलेल्या मुलाला ‘जिंकलास का?’ असे विचारण्याऐवजी ‘डाव कोठे फिरला, ते पटावर दाखव पाहू’ असे म्हणावे. पालकांना स्वतःला खेळ येत नसला तरी चालेल; दाखवता दाखवता मुलालाच आपली चूक सापडेल.