शब्दांची गंमत : 'मॉर्गेज'मधला मुका 'टी'

दोस्तांनो, घरासाठी कर्ज काढलं की बँकेच्या कागदांत एक इंग्रजी शब्द हमखास भेटतो : 'मॉर्गेज'. म्हणजे गहाण. आता स्पेलिंग म्हणा पाहू. एम, ओ, आर, टी... अरेच्चा! उच्चारात नसलेला हा 'टी' आला कुठून?

तो आला जुन्या फ्रेंचमधून. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे तिथल्या कोर्टकचेऱ्यांत फ्रेंच शब्द रुळले. फ्रेंचमध्ये 'मोर्त' म्हणजे मेलेलं. आपला 'मृत' त्याचा दूरचा भाऊच! आणि 'गाज' म्हणजे तारण ठेवलेली वस्तू. ताईच्या साखरपुड्याला आपण 'एंगेजमेंट' म्हणतो ना, त्यातही हाच 'गाज' लपलाय. दिलेला शब्द म्हणजे एक तारणच की!

पण तारण 'मेलं' कसं? १२व्या शतकातल्या ग्लॅनव्हिल या कायद्याच्या ग्रंथात उत्तर सापडतं. समजा, एकाने शेत गहाण ठेवलं. सावकाराने पीक नेलं आणि तेवढं कर्ज कमी केलं, तर ते 'जिवंत तारण'. पीकही नेलं आणि कर्ज मात्र होतं तेवढंच राहिलं, तर ते 'मेलेलं तारण'. पुढे १५व्या शतकात लिटलटन नावाच्या न्यायाधीशाने वेगळा अर्थ लावला : पैसे फेडले नाहीत तर जमीन कर्जदाराला मेली, फेडले तर तारण सावकाराला मेलं.

मग कर्ज काढूच नये का? तसं नाही. पण ग्लॅनव्हिलचा प्रश्न आजही विचारायला हवा. गृहकर्जाच्या सुरुवातीच्या हप्त्यांत बहुतेक पैसे व्याजातच जातात, मुद्दल हळूहळू कमी होतं. घरात कर्ज असेल तर आज आई-बाबांसोबत बँकेचा तक्ता उघडा आणि गेल्या महिन्याच्या हप्त्यातले किती रुपये मुद्दलात गेले ते शोधा. आकडा पाहून बाबाही चष्मा पुसतील!

आणि आपला मराठी शब्द पाहा : 'तारण'. तो ऐकला की 'तारणे' आठवतं, म्हणजे वाचवणे. इंग्रजी शब्दात मरण, मराठीत तारण! पण कर्ज तारी की मारी, हे शब्द ठरवत नाही. सही करण्याआधी कागद नीट वाचणारा ठरवतो.