दुसरं टोक कुणी धरलं?

गेल्या कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेत एका ओळखीच्या गृहस्थांनी मला चारचौघांपुढे उभं केलं आणि सांगितलं, “हे आपले इंजिनिअर. यांनी एकट्यानं होडी बांधलीय, शिडाची, दोन अंगांची.” लोकांनी माना डोलावल्या. मीही हसलो. ‘नाही’ म्हणालो नाही. म्हणजे मी खोटं बोललो. हा लेख त्या खोट्याबद्दल आहे, आणि ते माझ्या एकट्याचं नाही.

आधी होडीबद्दल. मांजरसुंब्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये तीन उन्हाळे खपून मी सोळा फुटी कॅटामरान बांधली. दोन सडपातळ होडकी, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया, मध्ये जाळी आणि वर एक शीड. होडक्यांचा गाभा लाकडाचा आहे. वखारीतल्या पाइनच्या दहा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या साच्यांवर एकीला एक चिकटवत न्यायच्या, मग आतून-बाहेरून काचतंतूचं कापड इपॉक्सीत भिजवून बसवायचं. बाहेरची दोन पातळ कवचं ताण आणि दाब सोसतात. मधलं हलकं लाकूड त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतं. जाडी दुप्पट झाली की फळीचा ताठपणा आठपट होतो, म्हणून जाडी वाढवायची ती हलक्या वस्तूनं वाढवायची, एवढंच त्यातलं शास्त्र. यासाठी जगभर रेड सीडर किंवा बाल्सा वापरतात. मला पाइन परवडलं, त्यामुळे माझी होडी असायला हवी त्यापेक्षा जड आहे.

‘बीडच्या माणसाला होडी कशाला?’ हा प्रश्न मी सोडून देणार होतो, पण तो इतक्या वेळा ऐकलाय की दोन वाक्यं बोलतोच. समुद्र इथून सरळ रेषेत ३०० किलोमीटर आहे, हे मला माहीत आहे. पण बालाघाटावर पडलेला पाऊस बिंदुसरेत जावो की मांजरेत, शेवटी गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्रात जातो. आणि ‘कॅटामरान’ हा शब्द त्याच समुद्राकाठचा आहे. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणं, ‘मरम’ म्हणजे लाकूड. कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. दोन अंगांच्या होड्या पॉलिनेशियातल्या लोकांनी महासागर ओलांडायला वापरल्या, पण युरोपीयांनी त्यांना नाव दिलं ते आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या कोळ्यांचं. कोकणातल्या होडीलाही उलांडी असतेच. तेव्हा ही कल्पना परदेशी आणि माणूस कोरडवाहू, हा विनोद आता पुरे.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. ‘एकट्यानं बांधली’ या शब्दांची आपल्याकडे सध्या फार चलती आहे. कुणी एकट्यानं घर बांधतं, कुणी एकट्यानं विमान, कुणी होडी. चित्रफितींत एक माणूस, एक शेड आणि हत्यारांची भिंत दिसते. त्यातून सांगितलं जातं ते असं, की मला कुणाची गरज नाही. या दाव्याला माझा विरोध आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे.

सोळा फुटी पट्टीला दोन टोकं असतात. एका टोकाला मी पिळे मारत असलो, तर दुसरं टोक हवेत लोंबकळून पट्टी साच्यावर मोडते. ते टोक कुणीतरी धरावं लागतं. एका होडक्याला साठेक पट्ट्या लागल्या, म्हणजे दोन्हींना मिळून सव्वाशेच्या घरात. पहिल्या उन्हाळ्यात जवळपास प्रत्येक पट्टीचं दुसरं टोक माझ्या बायकोनं धरलं, संध्याकाळी शाळेतून आल्यावर, स्वयंपाकाआधी. पुढे मी टोक टेकवायला लोखंडी घोडे करून घेतले आणि स्वतःला स्वयंपूर्ण समजू लागलो. ते घोडे वेल्डरनं केले होते.

सोळा फुटी सलग पट्टी वखारीत मिळत नाही. दोन तुकडे तिरके कापून सांधावे लागतात, आणि तिरकस कापाची लांबी जाडीच्या आठपट तरी लागते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. रंधा मात्र उलट्या रेषेनं मारत होतो आणि लाकूड उपटून निघत होतं. शेजारच्या गावचे एक सुतारकाका दारं बसवायला आले होते, ते पाच मिनिटं बघत राहिले. मग रंधा हातातून घेऊन पट्टी फिरवली आणि म्हणाले, “आधी रेषा बघा, मग जोर लावा.” पुढे ते सहा रविवार आले. इपॉक्सीचंही तेच. एप्रिलच्या दुपारी मी अर्धा किलो रेझिन खोल मगात कालवलं आणि दहा मिनिटांत मगातून धूर निघाला. हे मिश्रण घट्ट होताना स्वतःच तापतं आणि खोल भांड्यात ती उष्णता कोंडते. टेंपोच्या बॉडीचं फायबरकाम करणाऱ्या एका पोरानं सांगितलं, “सर, ताटात ओता. आणि हे काम पहाटे करा.” माझ्याकडे बी. ई.ची पदवी आहे. त्याच्याकडे ताट होतं.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, एवढ्यातेवढ्या मदतीचं काय घेऊन बसलात? होडी तुमचीच. पण मोठ्या नावांकडे बघा. हौशी माणसानं स्वतः कॅटामरान बांधावी, या चळवळीचा मूळपुरुष म्हणून जेम्स व्हॅरम या इंग्रज माणसाचं नाव घेतात. १९५०च्या दशकात त्यानं साडेतेवीस फुटांची ‘तांगारोआ’ बांधली आणि अटलांटिक ओलांडला. तेव्हा होडीवर रूथ आणि युटा या दोन जर्मन तरुणी त्याच्यासोबत होत्या. त्यांची पुढची कॅटामरान ‘रोंगो’ त्रिनिदादमध्ये बांधली गेली, तेव्हा बर्नार मॉयतेसिए हा फ्रेंच दर्यावर्दी हाताखाली राबला. स्वतःच्या हातानं बांधण्याचं जगभर शिकवणारा माणूससुद्धा एकटा नव्हता. त्याच्या गोष्टीतून बाकीचे गाळून टाकले ते गोष्ट सांगणाऱ्यांनी.

आणखी जवळचं उदाहरण. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या फॅलमथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, कुठेही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आला. असं करणारा तो पहिलाच माणूस. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पोहोचला हा एकटाच. त्याची बत्तीस फुटी ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली होती, सागवानात, इथल्या सुतारांच्या हातांनी, आणि १९६४च्या डिसेंबरमध्ये पाण्यात उतरवलेली. महासागरांत दहा महिने आपटून ती होडी तगली. आपण मराठी माणसं आरमाराच्या गोष्टी छाती फुगवून सांगतो. त्या सुतारांपैकी एकाचं तरी नाव आपल्यापैकी कुणाला सांगता येईल? १८१७ साली मुंबईच्या गोदीत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. तिथे वाडिया घराण्याचं नाव निघतं, ते निघायलाच हवं. पण वाकस चालवणारे हात वाडियांचे एकट्याचे नव्हते.

उलट उदाहरणही आहे, आणि ते सांगितलं नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. दिलीप दोंदे हे एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ऑगस्ट २००९ ते मे २०१०, वाटेत चार बंदरांत थांबून. त्यांची ५६ फुटी ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. तीही लाकडी गाभ्याचीच, रेड सीडरच्या पट्ट्या आणि वर काचतंतू. दोंदे नौदलातले अधिकारी, पण तयार होडीची वाट बघत बसले नाहीत. ती बांधली जात असताना तिथे होते, कामात होते. म्हादेईची गोष्ट निघते तेव्हा दांडेकरांचं नावही निघतं, आणि हा प्रकल्प ज्यांच्या डोक्यातून निघाला त्या व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींचंही. प्रवास एकट्याचा, होडी अनेकांची, असं सरळ सांगता येतं. त्यानं दोंद्यांचा पराक्रम तसूभरही कमी होत नाही.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक मला गाठतात. ते म्हणतात, मग ज्याचं काम त्यानं करावं. सुताराकडून होडी बांधून घ्या, पैसे द्या, तुम्ही नोकरी करा. हा युक्तिवाद वरकरणी सुताराच्या बाजूचा वाटतो, पण तो आपल्या जुन्या उतरंडीचा आहे. मी अभियांत्रिकीला असताना वर्कशॉपच्या विषयात लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासून चौरस करायचा असे. आम्ही निम्म्या वर्गानं तो बाहेर पैसे देऊन घासून आणला, मीही आणला, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. हातानं करायचं काम दुसऱ्याचं, हे आम्ही घरूनच शिकून आलो होतो. त्या ठोकळ्याचे मी किती रुपये दिले ते आठवत नाही, पण घासाघीस केली होती हे आठवतं. काम करणाऱ्याला किती वेळ लागला असेल याचा मला अंदाजच नव्हता. आज आहे. दोन होडकी पॉलिश पेपरनं घासताना खांदे भरून आले, तेव्हा आला. स्वतः बांधण्याचा खरा फायदा हाच. माणूस स्वयंपूर्ण होत नाही, पण दुसऱ्याच्या हाताची किंमत त्याला कळते.

आणि हे मी कपिलधारजवळ बसून लिहितोय. इथे मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकीला मराठवाड्यातून, कर्नाटकातून दिंड्या येतात. ज्या वीरशैव परंपरेचं हे ठाणं, तिच्यात कायक, म्हणजे स्वतःच्या श्रमाचं काम, पूजेच्या बरोबरीचं मानलं गेलं. बाराव्या शतकातल्या शरणांची नावं बघा. अंबिगर चौडय्या हा नावाडी. नुलिय चंदय्या दोर वळणारा. मडिवाळ माचय्या धोबी. धंदा आणि नाव शेजारी-शेजारी उभे आहेत, एकानं दुसऱ्याला पुसलेलं नाही. आठशे वर्षांनंतर आपण त्या चौडय्याची वचनं अभ्यासतो आणि आपल्या शेडमध्ये सहा रविवार घालवणाऱ्या सुताराला ‘एक सुतार होता’ म्हणून मोकळे होतो.

बीडच्या माणसाला तर हे सांगायची गरज पडू नये. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल कोयत्यामागे, हिशेब कोयत्यामागे. दोन माणसं, आणि मोजायला एक हत्यार. ती वही आपल्याला खुपते, खुपायलाच हवी. पण ‘एकट्यानं बांधली’ म्हणणारा माणूस त्याच वहीत लिहीत असतो. फरक इतकाच की मुकादम निदान अर्धी माणसं मोजतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कुणी एकट्यानं काही बांधलं असं सांगितलं, तर त्याला विचारा, दुसरं टोक कुणी धरलं? होडी असो, घर असो, पुस्तक असो. उत्तर आलं नाही तर त्या कौतुकात सामील होऊ नका.

यात्रेहून परतल्यावर मी होडीच्या आतल्या बाजूला, झाकणाखाली, नावं लिहायची ठरवलं. ज्याची त्याची परवानगी घेऊन. बायको म्हणाली, अक्षर नीट काढा. फायबरवाल्या पोरानं आपल्या नावापुढे मोबाइल नंबरही घाला म्हणून सांगितलं, धंद्याला बरा. सुतारकाका मात्र खुश झाले नाहीत. म्हणाले, “नाव कुणी वाचायचं, झाकणाखाली? त्या सहा रविवारांचं काय ते बघा.”

मी गेली दोन वर्षं ते ‘प्रेमानं आले’ असं धरून चाललो होतो. चहा आणि एकदा जेवण. दारं बसवायची मजुरी ठरली होती, होडीची ठरलीच नव्हती, कारण मी ती काढलीच नाही. आम्ही त्या दिवशी शेडमध्ये बसून हिशेब केला, आजच्या रोजानं. रक्कम माझ्या इपॉक्सीच्या एका डब्यापेक्षा कमी निघाली. इपॉक्सीवाल्यानं ती आगाऊ घेतली होती.

पैसे दिले. नावही लिहिलं.