सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणणाऱ्यांना

"डॉक्टर, काय कापायचं ते एकदाच कापा, पण सुई लावू नका. सुई लागली की ते पसरतं."

हे वाक्य माझ्या ओपीडीत सारखं कानावर येतं. कधी सासूबाई बोलतात, कधी सोबत आलेल्या शेजारच्या काकू, तर कधी चांगला शिकलेला नवरा. आजवर मी शांतपणे समजावत आलो. आज जरा रागावून लिहिणार आहे. या एका समजापायी बायकांची स्तनं जातात, गर्भाशयं जातात. आणि काही डॉक्टर ही भीती घालवायच्या ऐवजी तिचाच आडोसा घेऊन थेट ऑपरेशनची तारीख देतात, याचा मला जास्त राग आहे.

एका ताईंची गोष्ट सांगतो. वय तिशीच्या आसपास, धाकटा मुलगा तीन वर्षांचा, अंगावरचं दूध सुटून बरेच दिवस झालेले. डाव्या स्तनात टणक गाठ, वरची त्वचा लाल, दुखणं. पहिल्यांदा त्या माझ्याकडेच आल्या होत्या. मी अँटिबायोटिकचा कोर्स दिला, फरक पडला नाही म्हणून दुसरा दिला. तीन आठवडे गेले. दुसऱ्या कोर्सऐवजी सोनोग्राफी आणि बायोप्सी सांगायला हवी होती. ती चूक माझी. नंतर त्यांनी दुसरीकडे गळू म्हणून चिरा देऊन घेतला. जखम भरेना. शेजारी दुसरी गाठ आली, तिथे दुसरा चिरा. मग तिसरा. आठ महिन्यांत तीन जखमा, रोजचं ड्रेसिंग, आणि शेवटी एकाने सांगितलं, "हा कॅन्सरच दिसतोय, स्तन काढून टाकू." त्या फाइल घेऊन पुन्हा माझ्याकडे आल्या. मी फाइल दोनदा चाळली. तीन वेळा भूल देऊन चाकू लागला होता, पण आतला एक तुकडाही तपासायला गेलेला नव्हता!

मग कोअर बायोप्सी केली. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, जाडसर सुईने तांदळाच्या दाण्याहून थोडे लांब असे चार-पाच तुकडे घेतात. अर्ध्या तासात माणूस घरी जातो. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाची एक विचित्र, हट्टी सूज. १९७२ साली या आजाराचं स्वतंत्र वर्णन झालं. तो बहुधा बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत येतो आणि हाताला, सोनोग्राफीत, मॅमोग्राफीतही हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो. यात जितके चिरे द्याल तितक्या न भरणाऱ्या जखमा वाढण्याचा धोका. पू साठला तर सुईने काढावा, काही जणींत नुसती वाट पाहिली तरी आजार ओसरतो, आणि अनेकींना स्टेरॉइडच्या गोळ्या काही महिने, हळूहळू कमी करत द्याव्या लागतात. ताईंच्या जखमा भरल्या. व्रण राहिले, पण स्तन राहिलं.

पण स्टेरॉइडआधी आणखी एक पायरी आहे आणि आपल्या देशात ती गाळणं म्हणजे गुन्हा. क्षयरोग. स्तनालाही टीबी होतो. ॲस्टली कूपर या इंग्रज सर्जनने १८२९ मध्येच तो लिहून ठेवलाय. सूक्ष्मदर्शकाखाली टीबी आणि ही सूज सारखीच दिसू शकते, आणि टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर आग विझवायला रॉकेल ओतल्यासारखं होतं. म्हणून तुकडे दोन बाटल्यांत जायला हवेत. एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरी निर्जंतुक सलाइनमध्ये टीबीच्या कल्चर आणि सीबीनॅटसाठी. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं की जंतू मरतात आणि कल्चर कायमचं हुकतं. दोन रुपयांच्या बाटलीसाठी रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. टीबी निघालाच तर साधारण सहा महिन्यांच्या गोळ्या, त्याही सरकारी दवाखान्यात मोफत. स्तन काढण्याचा प्रश्नच सहसा येत नाही.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर ऑपरेशनच्या विरोधात आहेत. अजिबात नाही. उलट्या बाजूचं उदाहरण घ्या, फायलॉइड्स ट्यूमर. ही गाठ तरुण मुलींच्या साध्या फायब्रोॲडेनोमासारखीच गुळगुळीत, हलणारी, न दुखणारी. फरक इतकाच की ती बघता बघता वाढते. "साधीच गाठ आहे" म्हणून सालीलगत सोलून काढली तर ती पुन्हा येऊ शकते, आणि कधी पहिल्यापेक्षा वाईट स्वभावाची होऊन येते. मधल्या आणि घातक प्रकारात भोवतालचं साधारण १ सेंटिमीटर निरोगी मांस घेऊन काढावी लागते. काखेतल्या गाठी मात्र सहसा काढाव्या लागत नाहीत. बारीक सुईच्या तपासणीत हा फरक बऱ्याचदा कळत नाही, कोअर बायोप्सीतही कधी कधी अवघड जातो. पण निदान सर्जनला शंका तरी येते, आणि पहिलंच ऑपरेशन बेतून करता येतं. म्हणजे न तपासता चाकू लावला तर एकीचं जास्त कापलं जातं आणि दुसरीचं कमी.

पोटाची कथा वेगळी नाही. पोटात पाणी झालंय, वजन उतरलंय, संध्याकाळी कणकण येते, सीए-१२५ शेकड्यांत. घरच्यांना सांगितलं जातं, अंडाशयाचा कॅन्सर, शेवटची स्टेज. अहो, हा आकडा ३५ च्या वर गेला म्हणजे कॅन्सर असं कुठे आहे? पोटाच्या आतल्या पडद्याच्या टीबीत तो असाच चढतो, एंडोमेट्रिओसिसमध्येही चढतो. पोटातलं पाणी काढून त्यातल्या पेशी आणि एडीए तपासा, गरज पडली तर दुर्बिणीतून पडद्याचा तुकडा घ्या. टीबी निघाला तर गोळ्यांनी पाणी आटतं आणि सीए-१२५ सुद्धा खाली येतो. गर्भाशय-अंडाशय काढल्यावर रिपोर्टमध्ये टीबी आला, तर त्या तिशीच्या बाईला तुम्ही काय उत्तर देणार?

कधी तर सुईच्याही आधी नुसता प्रश्न पुरतो. सिझेरियनच्या व्रणात गाठ, दुखते म्हणून कोणी टाक्याची गाठ म्हणतं, कोणी हर्निया. "पाळीच्या दिवसांत जास्त दुखतं का?" एवढं विचारलं की निम्मं निदान हाती येतं. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी व्रणात रुजलेल्या असतात. इथे उत्तर ऑपरेशन हेच, पण कडेचं थोडं निरोगी मांस घेऊन. आणि गाठ पोटाच्या स्नायूंच्या आवरणात शिरली असेल तर जाळी बसवायची तयारी ठेवून. हे आत गेल्यावर कळलं तर सर्जनचीही तारांबळ होते.

राहिला पसरण्याचा मुद्दा. सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याच्या घटना वैद्यकशास्त्राला माहीत आहेत, पण स्तनात त्या फार विरळा, आणि त्यामुळे रुग्णाचं आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही. कॅन्सर पसरतो तो तपासणी टाळून घालवलेल्या महिन्यांमुळे. हां, काही जागा अपवाद आहेत आणि त्या लपवायचं कारण नाही. वृषणाच्या गाठीत बाहेरून सुई घालत नाहीत. अंडाशयापुरतीच मर्यादित संशयित गाठ असेल तर तीही टोचत नाहीत, फुटून आतलं सांडू नये म्हणून. लिव्हरच्या काही कॅन्सरमध्ये सिटी स्कॅनवरूनच निदान पक्कं होतं. हे अपवाद डॉक्टरांनीच तुम्हाला सांगायचे असतात. "सुई का नको?" याचं कारण तुमच्या गाठीपुरतं, स्पष्ट मिळायला हवं. "उगाच कशाला टोचायचं" हे कारण नव्हे.

स्तनावरची लाली, सूज औषध घेऊनही दोन आठवड्यांत उतरली नाही तर तिसरं अँटिबायोटिक घेऊ नका, मीच लिहून दिलं तरी. लाल सुजलेल्या स्तनाच्या रूपात येणारा एक कॅन्सरही असतो आणि तो थांबत नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर आधी विचारा, तुकडा तपासलाय का. गळू फोडत असतील तर सांगा, भिंतीचा तुकडा पाठवा. नंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची प्रत स्वतःच्या फाइलला लावा; "नॉर्मल होता" एवढ्या तोंडी निरोपावर घरी जाऊ नका. आणि निदानावर शंका असेल तर नवीन तुकडा काढायच्या आधी जुन्याची चौकशी करा. लॅबकडे तुमच्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक आणि काचपट्ट्या ठेवलेल्या असतात. अर्ज देऊन त्या घेता येतात आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात.