हृदयाची वाट आणि गडचिरोलीची वाट

हृदय सतत रक्ताने भरलेले असते, तरी त्या रक्तावर त्याच्या स्नायूंचे पोषण होत नाही, ही गोष्ट अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. महारोहिणीच्या उगमापाशी फुटणाऱ्या दोन हृद् रोहिण्या ते काम करतात. शरीराच्या वजनाचा जेमतेम अर्धा टक्का असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळीही एकूण रक्तप्रवाहाचा सुमारे ५ टक्के भाग घेतो.

डाव्या रोहिणीची पुढून उतरणारी शाखा यांत सर्वांत महत्त्वाची. डाव्या निलयाची पुढची भिंत आणि दोन निलयांमधील पडद्याचा बराचसा भाग तिच्यावर विसंबून असतो. उगमाशी तिची रुंदी मात्र अवघी ३ ते ४ मिलिमीटर! शेजारच्या रोहिण्यांशी तिचे सूक्ष्म दुवे असतात. परंतु गुठळीने ती अकस्मात बंद पडली, तर ते अपुरे ठरतात. अर्ध्यापाऊण तासात स्नायू मरू लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही.

हे शरीरशास्त्र नागपुरात आणि भामरागडात सारखेच. फरक आहे तो अंतराचा. १९८२ साली चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी सिरोंचा वा एटापल्लीहून नागपूर गाठण्यास आजही कित्येक तास लागतात. पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट तुटल्याचे तर आपण अनेक पावसाळ्यांत पाहिले आहे. हा रोग शहरी सुखवस्तूंचा, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. 'सर्च' संस्थेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रामीण गडचिरोलीतील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हे आढळले. पक्षाघात आणि हृदयविकार यांचे एक मोठे मूळ समान आहे, ते म्हणजे रक्तदाब. त्यात खर्ऱ्याचे व्यसन घरोघरी!

प्रत्येक तालुक्यात हृदयशस्त्रक्रियेची सोय होणार नाही, हे मान्य. परंतु १९८८ सालच्या 'आयसिस-२' या १७ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत गुठळी विरघळवणारे औषध आणि ॲस्पिरिन एकत्र दिल्याने पाच आठवड्यांतील मृत्यू शेकडा १३ वरून ८ वर आले. त्यास शस्त्रक्रियागृह लागत नाही; लागतो तो ईसीजी, तो वाचणारा डॉक्टर आणि हाताशी असलेले औषध. ही त्रयी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्रंदिवस असावी, एवढीच माफक मागणी आहे. शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनीही छातीतील कळ 'गॅस' म्हणून सोडून न देता तत्काळ १०८ क्रमांक फिरवण्यास गावाला शिकवावे. रस्ते होतील तेव्हा होतील. रोहिणी तोवर थांबणार नाही.