नकारानंतरची चार ओळींची चिठ्ठी

आमच्या थोरल्या लेकीने पुण्यातली सॉफ्टवेअर टेस्टिंगची आठ वर्षांची नोकरी सोडली, तेव्हा घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. तिला ‘एआय सेफ्टी’त जायचं होतं. म्हणजे काय, हे आम्हाला तिनेच समजावलं: कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा लोकांच्या हाती जाण्याआधी ती फसवते का, घातक माहिती देते का, हे तपासायचं. ब्रिटनने तर २०२३ मध्ये त्यासाठी सरकारी संस्थाच उभारली.

सहा अर्ज, सहा नकार. मजकूर एकच: खेद आहे, शुभेच्छा. साठवलेले पैसे मार्चपर्यंतच पुरणारे. “अब्बा, मी लायकच नाही.” पण सहापैकी दोन ठिकाणी ती चाचणीच्या कामापर्यंत पोहोचली होती. अर्जावरच बाद होणं वेगळं.

त्या दोघांनाच विचार, आम्ही म्हणालो. तिचा पहिला मसुदा म्हणजे तक्रारच होती (बापावर गेलीय). “मला का नाकारलं?” याला बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही, कोर्टकचेरीची धास्ती असते, वेळही नसतो. म्हणून चारच ओळी ठेवल्या: आभार, निर्णयाबद्दल वाद नाही आणि एकच प्रश्न, माझ्या कामात सर्वांत कच्चं काय होतं?

एकाकडून काहीच आलं नाही. दुसऱ्याने नऊ दिवसांनी लिहिलं: चाचण्या नेटक्या आहेत, पण त्यांतून निष्कर्ष काय निघतो आणि तो कुठे चुकू शकतो, ते लिहिलेलं नाही.

“एवढंच ना!” तिची अम्मी म्हणाली. त्या रात्री दीड वाजता तिच्या खोलीत दिवा होता. जुनीच चाचणी ती पुन्हा लिहीत होती. सातवा अर्ज शुक्रवारी जाईल.