विश्लेषण : जुनी ‘ऑल-व्हील-ड्राइव्ह’ कुटुंबासाठी घ्यावी का?

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच ओहोटीला खोळंबते, हे उरणकरांना नवे नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूचे आणि उरण लोकलचे उद्घाटन झाले आणि मुंबई जवळ आली. पण आजी-आजोबांसह सगळ्या घराला घेऊन भर पावसात कोकणातल्या गावी जायचे, तर स्वतःची मोठी गाडी हवी असे अनेकांना वाटते. मग सेकंडहँड बाजारात चारही चाकांना ताकद देणारी, रुबाबदार गाडी एखाद्या नव्या छोट्या गाडीच्या किमतीत दिसते. मोह होतो. हा मोह कधी फायद्याचा आणि कधी अंगाशी येणारा, हे समजून घेण्याआधी पैसे मोजू नयेत.

कोणत्या गाड्या मिळतात?

टाटा आरिया (२०१०), महिंद्र एक्सयूव्ही ५०० (२०११), रेनॉ डस्टरची २०१४ मध्ये आलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती आणि टाटा हेक्सा (२०१७) ही या वर्गातली ओळखीची नावे. त्या पिढीतली एकही गाडी आज नवी मिळत नाही. शिवाय याच नावाच्या बहुतेक गाड्या दोन चाकांच्या ताकदीवरच चालणाऱ्या होत्या. त्यामुळे मागच्या दारावरच्या बिल्ल्यावर विसंबू नये. आरसीवरचे मॉडेल वाचावे, गाडी लिफ्टवर चढवून मागच्या अॅक्सलकडे जाणारा शाफ्ट स्वतः पाहावा.

ही यंत्रणा करते काय?

डस्टरचे उदाहरण घेऊ. एरवी ताकद पुढच्या चाकांना मिळते. ती घसरू लागली की मागच्या अॅक्सलजवळचा क्लच जुळतो आणि मागची चाकेही ओढू लागतात. डॅशबोर्डवरच्या बटणाने ‘टू-व्हील’, ‘ऑटो’ किंवा ‘लॉक’ निवडता येते. गावाकडच्या लाल चिखलात किंवा ओल्या चढावर याचा खरा उपयोग होतो. पण ही मदत गाडी पुढे नेण्यापुरतीच असते. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे टायरच्या पकडीवर ठरते. घाटात ‘आपली गाडी फोर-बाय-फोर आहे’ या भरवशावर वेग वाढवणे म्हणूनच धोक्याचे.

मालकांना खर्च कुठे येतो?

पहिला खर्च टायरचा. साध्या गाडीत दोन टायर आज, दोन पुढच्या वर्षी असे भागते. इथे नाही. नव्या आणि झिजलेल्या टायरच्या नक्षीत पाच मिलिमीटरचा फरक असेल, तर २१५/६५ आर १६ मापाचे झिजलेले चाक दर किलोमीटरला सुमारे सात फेरे जास्त घेते. हा फरक क्लचला आणि डिफरन्शियलला सोसावा लागतो. त्यामुळे चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. बदलायचे तर चारही एकदम. विक्रेत्याने ‘दोन टायर नवेकोरे’ असे कौतुकाने सांगितले, तर तिथेच सावध व्हावे.

दुसरा खर्च तेलाचा. इंजिन ऑइल सगळेच बदलतात. मागच्या डिफरन्शियलमधले आणि पुढून ताकद मागे पाठवणाऱ्या गिअरपेटीतले तेल मात्र अनेकदा वर्षानुवर्षे तसेच राहते. सर्व्हिसच्या बिलांत त्याची नोंद नसेल, तर ते बदललेले नाही असेच धरावे.

तिसरा खर्च सुट्या भागांचा. बंपर, दिवे, फिल्टर मिळून जातात. मागचा क्लच किंवा शाफ्ट मात्र नाक्यावरच्या गॅरेजमध्ये मिळत नाही. आणि गाडी बंद पडलीच, तर पुढची चाके उचलून ओढत नेऊ देऊ नये. फ्लॅटबेडवरच न्यावी, नाहीतर छोट्या बिघाडाचा मोठा होतो.

मोऱ्यात वेगळे काय पाहावे?

इथला खरा शत्रू चिखल नव्हे, खारी हवा. या गाडीच्या पोटाखाली साध्या गाडीपेक्षा जास्त लोखंड उघडे असते. सबफ्रेम, ब्रेकच्या नळ्या, बोल्टची डोकी बारकाईने तपासावीत. खाली सगळीकडे ताजा काळा रंग दिसला, तर तो गंज झाकण्यासाठी नाही ना, हे विचारावे. किनाऱ्याच्या वाळूत गाडी घालण्याचा मोह तर टाळावाच. पोट वाळूत टेकले की चारही चाके जागच्या जागी फिरतात, आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

कागदपत्रांचे काय?

दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवरील निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येतात. त्यांच्या किमतीत ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा वाहन कर मिळवून मगच तुलना करावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१४ च्या गाडीची मुदत २०२९ मध्ये संपेल. पुढे तपासणी आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

मग घ्यावी का?

गावच्या घरापर्यंतचा शेवटचा टप्पा खरोखर कच्चा आणि चढाचा असेल, वर्षातून अनेकदा जाणे असेल, सर्व्हिसची सगळी बिले हाती असतील आणि चार टायरचे पैसे बाजूला ठेवता येत असतील, तर जरूर घ्यावी. अशी गाडी मन लावून सांभाळणाऱ्याला चांगली साथ देते. पण रोजची धाव मोरा ते उरण स्टेशन आणि वर्षातून दोनदा महामार्गाने गाव एवढीच असेल, तर त्याच पैशांत कमी चाललेली, दोन चाकांच्या ताकदीची मोठी गाडी घ्यावी आणि तिला चार उत्तम टायर घालावेत. चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा वर्षातले मोजके दिवस कामी येते. तिचा खर्च मात्र वर्षभर चालू असतो. घराची पुंजी लावताना हा हिशेब आधी मांडलेला बरा.